डबलबारी भजन: मांडवात बसून ऐकायची की यूट्यूबवर?

गणपतीत सुट्टी मोजकी, त्यात पाहुणे, आरत्या, घरोघरची भजनं, आणि शेजारच्या गावात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा आळीपाळीने गायचा सामना (एकाची पाळी ती बारी), लागली की चाकरमान्यांचं ठरलेलं, एवढ्या पावसात जायचं कशाला, उद्या यूट्यूबवर येईलच. येते हे खरंय. मी दोन्ही भरपूर ऐकतो म्हणून मला वाटतं ते सांगतो, बाकी ज्याची त्याची आवड.

रेकॉर्डिंगची बाजू लंगडी नाहीच. शब्द नीट कळतात. मांडवात चकी आणि झांजा चढल्या की अभंगाचं निम्मं चरण त्यात बुडतं, साऊंडवाला नवखा असेल तर विचारू नका. चाल बसवायची असेल, गौळणीतली एखादी जागा परत परत ऐकायची असेल तर मोबाईलच बरा, आमच्या वाडीतली पोरं अशीच शिकतात. परशुराम पांचाळ बुवांच्या जुन्या बाऱ्या ऐकायच्या तरी दुसरा मार्ग नाही. शिवाय स्पीकरला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० चं बंधन आहे, सणाच्या ठराविक दिवशीच १२ पर्यंत सवलत मिळते, त्यामुळे बारी उशिरा उभी राहिली की शेवटचा गजर उरकावा लागतो, आणि तेवढ्यासाठी भिजत गेलेल्या माणसाला ते लागतं.

पखवाजाचं मात्र रेकॉर्डिंगमध्ये फार नुकसान होतं. कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा मोबाईलच्या स्पीकरमधून येतच नाही, नुसती टकटक ऐकू येते. हेडफोन लावले तर थोडं भागतं.

पण माझं मत ठरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पहिल्या बुवांनी गाण्यातून प्रश्न टाकायचा, बहुतेक पुराणातला, आणि समोरच्यांनी आपल्या बारीत गाऊनच उत्तर द्यायचं, डबलबारीचा जीव यात आहे. यूट्यूबवर जो ज्या बुवांचा चाहता तो त्यांचीच बारी टाकतो. गेल्या गणपतीनंतर एका व्हिडिओत प्रश्न ऐकला, कर्णाला कोणाकोणाचे शाप होते. परशुरामांचा शाप सगळ्यांना माहीत, गाय मारली म्हणून ब्राह्मणाने दिलेला पण बऱ्याच जणांना माहीत, माहितीचा प्रश्नच नव्हता, मला ऐकायचं होतं समोरचे बुवा ते कुठल्या चालीत बांधतात आणि उलट काय टाकतात. भाग २ बघितला, भाग ३ बघितला, सगळीकडे तेच बुवा. थंबनेलवर दोघांचे फोटो, आत एकच. उत्तर कुणी टाकलंच नव्हतं. असं वरचेवर होतं आणि दर वेळी मन खट्टू होतं.

मांडवात हे होत नाही. उलट तिथे कॅमेऱ्यात न येणारं दिसतं, प्रश्न पडला की समोरचे बुवा मान न वळवता कोरसमधल्या जुन्या माणसाकडे झुकतात, वहीची पानं भराभर उलटतात, पेटीवाल्याचा हात भात्यावर तसाच थांबलेला असतो, आणि इकडे गाणं चालू असताना अर्धा मांडव तिकडेच बघत असतो. पूर्ण बारी दोन्ही बाजूंनी रेकॉर्ड करून कोणी टाकली तर कदाचित माझं मत थोडं बदलेल, तसे काही व्हिडिओ आहेतही, पण कमी.

तेव्हा एकच रात्र हातात असेल तर मी म्हणेन जा. पहिल्या बुवांचं नमन सुरू व्हायच्या आधी पोचा, आणि साऊंडच्या खोक्यापुढे न बसता कडेला बसा, जिथून दोन्ही बुवांचे चेहरे दिसतील.