पेंगणारा सहप्रवासी आणि मुठींचा कमरपट्टा: काही महिन्यांच्या वापरानंतर

मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला लांबच्या प्रवासात पेंग येते, ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. तो पडू नये म्हणून बाजारात जी साधने मिळतात, त्यांपैकी चार मी गेले काही महिने आलटूनपालटून वापरली: चालकाने कमरेला बांधायचा, दोन्ही बाजूंना मुठी असलेला पट्टा, टॉप बॉक्सला (सीटमागे बसवलेल्या सामानाच्या पेटीला) लावायची पाठीची गादी, दोघांना एकत्र बांधणारा हार्नेस, आणि हेल्मेटमध्ये बसणारा ब्लूटूथ इंटरकॉम. गाडी मी चालवते आणि मागे माझे पती बसतात. ते माझ्याहून उंच आहेत, वजनानेही बरेच अधिक आहेत, आणि पाळीच्या नोकरीमुळे त्यांच्या झोपेची थकबाकी कधीच पूर्ण फिटत नाही. हा तपशील आधीच सांगते, कारण चालकापेक्षा हलका माणूस मागे कलंडणे आणि जड माणूस कलंडणे यांत मोठा फरक आहे, आणि वाचणाऱ्याने माझा अनुभव आपल्या जोडीच्या मापाने वाचावा.

पट्ट्यापासून सुरुवात करते, कारण शेवटी तोच टिकला. साधारण वीतभर रुंदीचा, आतून फोमचे अस्तर असलेला, पुढे वेल्क्रो आणि त्यावर प्लॅस्टिकचे बक्कल असा हा पट्टा जॅकेटच्या वरून बांधायचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड मुठी मागच्याने धरायच्या. विकताना तो 'मागच्याला घट्ट पकड देणारा' म्हणून विकला जातो, आणि जागा असलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरेही आहे. मागच्या ग्रॅब रेलला (सीटमागच्या धरायच्या दांडीला) धरले की ब्रेक लागताना सगळा भार हात मागे ताणून तोलावा लागतो. मुठी धरल्या की हात पुढे राहतात आणि शरीर चालकाच्या जवळ राहते. झोप लागलेल्या माणसाला मात्र हा पट्टा अजिबात धरून ठेवत नाही, कारण धरण्याचे काम पट्टा करत नसून बोटे करतात आणि झोपेत सर्वांत आधी बोटेच सैल पडतात.

नेमक्या याच कारणामुळे तो मला सर्वाधिक उपयोगी वाटला. मुठी धरलेल्या असताना माझ्या कमरेवर दोन्ही बाजूंनी एक हलका, सतत बदलणारा ताण जाणवत राहतो: वळणावर एका बाजूला वाढतो, गतिरोधकावर दोन्हीकडे घट्ट होतो, गाडीचा वेग वाढवला की मागे ओढला जातो. पेंग येऊ लागली की हा ताण रस्त्याशी जुळेनासा होतो. खड्डा येतो, पण मुठी आवळल्या जात नाहीत. मग एका बाजूची मूठ नुसती लोंबू लागते. त्यानंतर काही क्षणांनी गुडघे माझ्या मांड्यांपासून सुटतात, आणि हेल्मेटवर हेल्मेट आपटते ते सर्वांत शेवटी. बहुतेक चालक या टकरीलाच झोपेची पहिली खूण समजतात. ती शेवटची खूण आहे, आणि तोपर्यंत मागच्याची मान तर सैल पडलेली असतेच, खांदेही वाकू लागलेले असतात. पट्ट्यामुळे मला त्याआधीची जी थोडी मिनिटे मिळतात, तीच या खरेदीची खरी किंमत आहे.

ही मिनिटे इतकी महत्त्वाची का, हे झोपेच्या स्वरूपात आहे. अशा वेळी येणारी डुलकी अनेकदा जेमतेम काही सेकंदांची असते आणि ती घेणाऱ्याला ती आल्याचे कळतही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर रस्ता मागे पडतो. तेवढ्यात अचानक ब्रेक लागला तर जागा माणूस जसा मांड्या आवळून स्वतःला सावरतो तसा झोपलेला सावरत नाही. त्याचे सगळे वजन चालकाच्या पाठीवर येते आणि चालकाच्या हातांतून ते हँडलवर उतरते. झोप लागता लागता अंगाला जो एकदम झटका बसतो तोही विसरू नये. घरी अंथरुणात तो निरुपद्रवी असतो; चालत्या मोटारसायकलवर भारी माणसाने दिलेला तसा झटका वळणाच्या मध्यावर गाडीची रेघ बदलू शकतो. पाय फूटरेस्टवरून घसरले तर खाली सायलेन्सर, चेन आणि फिरते चाक असते.

खूण मिळाल्यावर काय करायचे, हे मात्र पट्ट्यासोबत आलेल्या कागदावर लिहिलेले नव्हते; ते आम्ही दोघांनी मिळून ठरवले. मी डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर थोपटते, त्याच वेळी इंटरकॉमवर बोलते आणि ते सरळ होऊन दोन्ही मुठी आवळेपर्यंत वेग शक्यतो आहे तसा ठेवते. एकदम ब्रेक दाबणे किंवा त्यांना जागे करण्यासाठी गाडीला हिसका देणे मला पूर्णपणे चुकीचे वाटते, कारण सैल पडलेले शरीर अशाच हिसक्याने घसरते. ते जागे झाल्याची खात्री पटल्यावरच मी वेग कमी करत रस्त्याच्या बाहेर, सपाट जागी गाडी घेते. जागे करणे आधी आणि थांबणे नंतर हा क्रम महत्त्वाचा आहे. वेगात असलेली गाडी एका बाजूचा भार बऱ्यापैकी सहन करते, पण चालण्याच्या वेगावर आल्यावर चाकांची ती स्थिरता जवळजवळ उरत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी मागचा माणूस एका अंगावर कलला तर माझ्या एका पायाने दोघांचे आणि गाडीचे वजन तोलणे शक्य नाही. हलका सहप्रवासी असलेल्यांना हा प्रश्न कदाचित इतका तीव्र वाटणार नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. वेल्क्रोमध्ये जॅकेटचे धागे आणि धूळ अडकून त्याची पकड दोन-तीन महिन्यांतच कमी झाली. जुन्या दातब्रशने साफ केल्यावर ती बरीच परत आली, तरी आता मी भिस्त बक्कलावरच ठेवते. मुठी जिथे शिवल्या आहेत तिथली शिवण अजून शाबूत आहे, परंतु आतला फोम कमरेच्या मागच्या बाजूला दबून पातळ झाला आहे. पावसात पट्टा पाणी शोषतो आणि वाळायला एक दिवस घेतो. पुढचे बक्कल मध्यभागी ठेवले तर टाकीकडे झुकताना पोटात रुतते, म्हणून मी ते थोडे डावीकडे सरकवून बांधते.

पाठीच्या गादीबद्दलचे माझे मत वापरासोबत बदलत गेले. सुरुवातीला ती फार सुखाची वाटली, कारण वेग वाढवताना मागे पडण्याची भीती संपली आणि पतींची कंबर दुखणेही कमी झाले. पुढे लक्षात आले की गादी आल्यापासून त्यांना पेंग लवकर येते आणि ते माझ्यापासून दूर, मागे रेलून बसत असल्यामुळे मुठी धरतच नाहीत. म्हणजे एका साधनाने दुसऱ्याचा उपयोग संपवला. गादी मागचा आधार देते, बाजूचा देत नाही, आणि झोपलेला माणूस बहुधा बाजूलाच कलंडतो. दुसरी अडचण यांत्रिक आहे. टॉप बॉक्स ज्या मागच्या कॅरियरवर बसतो त्याची भारमर्यादा बहुतेक गाड्यांवर मोजक्याच किलोंची असते आणि ती सामानासाठी ठरवलेली असते. त्यावर मोठ्या माणसाची पाठ तासन्तास रेलून राहील असे तिथे गृहीत धरलेले नसते. आमच्या गाडीवर बॉक्सच्या तळपट्टीचे बोल्ट सैल होऊ लागले, तेव्हापासून निघण्यापूर्वी ते तपासणे हा माझा नेम झाला आहे. गादी मी काढलेली नाही. थकलेल्या पाठीला तिचा उपयोग आहे, पण हात मुठींवर असतील तेव्हाच रेलायचे, अशा अटीवर ती राहिली आहे.

याच न्यायाने मानेभोवती घालायच्या उशा आणि हेल्मेटला आधार देणाऱ्या पट्ट्या मी विकत घेतल्याच नाहीत. मोटारसायकलवर झोप सुखाची करणारी कोणतीही वस्तू मला उलट्या दिशेची वाटते.

हार्नेसविषयी मात्र जपून लिहायला हवे, कारण अनेकांना तोच सर्वांत खात्रीचा उपाय वाटतो. मागच्याच्या पाठीमागून येणारा रुंद पट्टा चालकाच्या पोटावर बक्कलाने अडकतो. तो घातल्यावर मागचा माणूस खरोखरच मागे किंवा दूर पडू शकत नाही. तरीही प्रौढ माणसासाठी मी तो बंद केला. रस्त्यावर नेण्यापूर्वी गाडी मुख्य स्टँडवर उभी करून मी पतींना मुद्दाम अंग सैल सोडून एका बाजूला कलायला सांगितले. त्यांच्यासोबत माझा धडही त्या बाजूला ओढला गेला आणि हँडलवरचे माझे हात वाकडे झाले. पट्टा नसता तर त्यांचा तोल त्यांच्यापुरता गेला असता. पट्ट्यामुळे तो माझाही गेला. गाडी घसरून पडलीच तर दोन शरीरे वेगवेगळी घसरत जाणे आणि एकमेकांना बांधलेली, त्यातही जड शरीर हलक्यावर अशी पडणे, यांतील फरक समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. पडल्यावर रस्त्यातून पटकन बाजूला होण्यासाठी सुटता आले पाहिजे, आणि हातमोजे घातलेल्या एका हाताने आमच्या हार्नेसचे बक्कल मला सहजी सोडता आले नाही. लहान मुलांसाठी बनवलेले हार्नेस ही वेगळी गोष्ट आहे; तिथे वजनांचे गणितच निराळे असते आणि माझा अनुभव त्यांना लागू होत नाही.

इंटरकॉमचा उपयोग आहे, पण तो कसा वापरला जातो यावर सर्व अवलंबून आहे. संथ गाणी लावली की पेंग वाढते. 'झोप आली आहे का?' या प्रश्नाला काहीच अर्थ नाही, कारण पेंगणाऱ्या माणसाइतक्या ठामपणे 'मी जागा आहे' असे दुसरे कोणीही सांगत नाही. त्याऐवजी मी असे विचारते की ज्याचे उत्तर हो-नाही असू शकत नाही: मागच्या पाटीवर किती किलोमीटर लिहिले होते, पेट्रोल भरल्याला किती वेळ झाला. उत्तर चुकण्यापेक्षा ते यायला लागलेला वेळ मला अधिक सांगून जातो. शब्द लांबू लागले, वाक्य अर्ध्यावर सुटले की कमरेवरच्या मुठीही थोड्याच वेळात सैल होणार, हे आता जवळजवळ ठरलेले आहे. जागे केल्यावरही पहिली काही मिनिटे माणूस बोलतो नीट, पण त्याचे शरीर संथच असते. त्यामुळे बोलणे सुरू झाले म्हणून थांबणे रद्द करू नये.

पेंग मुळात कमी व्हावी म्हणून जे केले, त्याचा परिणाम या चारही साधनांपेक्षा अधिक झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराची सतर्कता नैसर्गिकपणे घटते. त्या वेळांत आम्ही लांबचा सलग टप्पा ठेवत नाही. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या २०१८ मधील एका अभ्यासात आसनाची ४ ते ७ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४ ते ७ वेळा होणारी मंद कंपने देऊन स्वयंसेवकांची तपासणी केली होती, आणि अवघ्या १५ मिनिटांत त्यांच्यात झोपाळूपणाची लक्षणे दिसू लागली होती. तो अभ्यास मोटारींच्या संदर्भातला होता. मोटारसायकलच्या इंजिनाची थरथर याहून कितीतरी जलद असते, पण रस्त्याच्या लाटांवर सीटला बसणारे संथ हेलकावे मागच्याला अधिक जाणवतात, आणि चालकासारखे हातांना व डोळ्यांना काम त्याला नसते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमावलीत, दर दोन तासांनी किमान १५ मिनिटांची विश्रांती सुचवलेली आहे, ती चालकाला डोळ्यांसमोर ठेवून. मागच्यासाठी मला दोन तास फार वाटतात. आम्ही साधारण तासाभराने उतरतो, हेल्मेट काढतो, पाय मोकळे करतो. तरीही झापड हटत नसेल तर पती सावलीत १५-२० मिनिटे सरळ झोपतात. त्याहून लांबवले तर उठल्यावर जडपणा अधिक वेळ राहतो. झोपण्याआधी कॉफी घेतली तर तिचा अंमल सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागत असल्याने दोन्ही एकदम कामाला येतात.

औषधांचा मुद्दा सहज नजरेआड होतो. सर्दीवरच्या जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्या आणि प्रवासात मळमळू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या हमखास गुंगी आणतात. 'मी तर चालवत नाही' असे म्हणून मागचा त्या निर्धास्त घेतो. आणि पुरेशी झोप घेऊनही कोणी दिवसा बसल्या बसल्या झोपत असेल, रात्री मोठ्याने घोरत असेल, तर पट्टा विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारात नेमके असेच होते.

आता ज्यांना कमरपट्टा घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. तो घरातल्या कपड्यांवर नव्हे, तर प्रवासाच्या जॅकेटवर घालून पाहावा, कारण मापात बराच फरक पडतो. मुठी मागच्याच्या हातांच्या उंचीला येतात का, हे त्याला प्रत्यक्ष गाडीवर बसवून पाहावे. उंच माणसाला मुठी फार खाली वाटल्या तर तो काही वेळातच हात मांडीवर ठेवतो आणि मग पट्ट्याचा काही उपयोग राहत नाही. मूठ पुरती कडक असावी. आमच्या पट्ट्याच्या मुठी कडक रबराच्या आहेत. मऊ कापडी फासाच्या मुठी मी एका दुकानात हाताळून पाहिल्या, त्या सुटल्या काय आणि धरल्या काय, कमरेला फरक जाणवत नव्हता. शिवाय फासात मनगट अडकवून बसण्याचा मोह होतो, तो टाळायलाच हवा. चालकाची कंबर किंवा मणका आधीच दुखत असेल तर हा पट्टा घेऊ नये, कारण मागच्याचा प्रत्येक हिसका तिथेच येतो. पट्टा कमरेच्या बारीक भागावर न बांधता थोडा खाली, कटीच्या हाडांवर बांधला की तो वर सरकत नाही आणि मुठींचा ताणही अधिक स्पष्ट कळतो.