लियानन घ्यावा की गँगरेल?

'व्हँपायर: द मास्करेड' या रक्तपिपासूंची पात्रं घेऊन मेजावर खेळायच्या खेळाचा मध्ययुगीन डाव मांडायचा ठरला, की टिळकवाडी असो वा निपाणी, पात्र लिहिताना गाडी एकाच ठिकाणी अडते. रानाशी नातं असलेला रक्तपिपासू हवा असतो आणि पुढ्यात दोन वंशांची नावं येतात: लियानन आणि गँगरेल. दोघंही जंगलातले, दोघांकडेही जनावरांना वश करायची विद्या. साम्य तिथंच संपतं.

गँगरेल भटका. मार खाऊन उभा राहतो, नखं बाहेर काढतो, उजाडायच्या आत मातीत विरून जातो. संतापाने भान सुटलं की अंगावर जनावराची एखादी खूण उमटते. नियम चटकन समजतात. दहा बाजूंचे फासे पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याला डोळे झाकून हाच द्यावा.

लियाननचं प्रकरण वेगळं. हे जुन्या देवांना मानणारे, ड्रुइडांच्या, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांच्या, वळणाचे रक्तपिपासू. क्रोन नावाच्या आदिमातेपासून ते आपला वंश सांगतात आणि तिच्या आत्म्याचा अंश रक्तातून पुढे नेतात. आपापल्या मुलखाला धरून राहणारे. त्यांची खास विद्या ओघम. हे नाव खऱ्या लिपीचं आहे: आयर्लंडात इसवी सनाच्या चौथ्या ते सहाव्या शतकाच्या आसपास उभ्या दगडांच्या कडेवर ती कोरली जाई. मूळ अक्षरं वीस, पाच-पाचचे चार गट. एक ते पाच चरे, कडेच्या या बाजूला, त्या बाजूला किंवा आरपार तिरके, आणि खाचा मारल्या की स्वर. वाचन बहुधा खालून वर. मजकूर बहुतेक 'अमक्याचा मुलगा तमका' एवढाच. आपल्याकडच्या गावांतले वीरगळ पाहिलेल्याला असा दगड परका वाटणार नाही.

खेळात मात्र याच चऱ्यांना जादू चिकटवली आहे. खरे ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत, पाठ करून घेत, असं ज्युलियस सीझरच लिहून गेला आहे. पण खेळात इतिहासाची इतकी चिरफाड कशाला? मेजावर एखाद्याने काठीच्या कडेला चाकूने चरे मारत मंत्र टाकला की बाकीचे आपोआप गप्प होतात. गँगरेलच्या नखांना ती मजा नाही.

खरा प्रश्न डाव कुठं आणि कधी घडतो हा आहे. २००२ च्या आवृत्तीत खेळाचा काळ १२३० आहे. ब्रिटन-आयर्लंडात तेव्हा चर्चचा अंमल पक्का झालेला, जुने देव मागे हटलेले. लियानन तिथं शोभतो, कारण त्याच्या पात्राचा जीवच त्या हरण्यात आहे. आजच्या काळाच्या डावात तर हा वंश संपलेलाच आहे. म्हणजे सध्याच्या बेळगावात, खडेबाजारच्या गर्दीत रात्री फिरणारं पात्र हवं असेल तर निवड आपोआप गँगरेलची.

आता कुणीतरी म्हणणारच, "डाव खानापुरातच मांडूया की!" कल्पना मोहात पाडणारी आहे खरी. त्याच शतकात, १२०४ मध्ये, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधली गेली. कणकुंबी-जांबोटीचं रान आहे. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जे बरीच वर्षं जगात फक्त तिथंच माहीत होतं. ते किडे खातं, रक्त पिणारी वटवाघळं अमेरिका खंडातली. पण रात्रीच्या प्रसंगाला गुहा तर मिळाली.

तरी इथं लियानन आणू नये असं माझं मत. देवराईतला देव हरलेला नाही. लोक अजून नारळ फोडतात, तिथली वाळकी काटकी उचलायलाही बिचकतात. हरलेल्या धर्माचा शेवटचा रखवालदार इथं कशाची राखण करणार? त्यापेक्षा रानात वाट चुकलेला, कुणाचाच नसलेला गँगरेल या मुलखात जास्त खरा वाटतो.

झिमीसी या तिसऱ्या वंशाचंही नाव निघेल. तोही मातीचा, झोपताना जन्मगावची दोन मुठी माती जवळ लागते. पण माणसाचं मांस-हाडं हातांनी वळवून आकार देण्याची त्याची विद्या सगळ्यांच्या पचनी पडत नाही. मंडळींत कुणी नवखं असेल तर आधी विचारून घ्या, आणि लियानन घेणारा एकटाच असेल तर बाकीच्यांना सांगा की कथा बरेच दिवस एकाच रानाभोवती फिरेल.