एरियाच्या ग्रुपसाठी काय निवडायचं, मॅस्टोडॉन की सरकारच्या पाठबळाचं ॲप?

नागपुरात ओळखीच्या दोन-तीन नागरिक गटांत सध्या हाच विषय सुरू आहे, व्हॉट्सॲपवरून उठायचं तर जायचं कुठं, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या पण कुणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या नेटवर्कवर की सरकार ज्याचा प्रचार करतं अशा देशी ॲपवर. बरेच जण विचारून राहिले म्हणून लिहितोय.

भरवसा कशासाठी हवाय ते आधी ठरवा. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा लोकांना एवढंच कळायला हवं होतं की कोणता रस्ता बंद आहे, बोट कुठवर येऊ शकते, शाळेला सुट्टी आहे का. अशा वेळी प्रशासनाच्या अधिकृत शब्दाला पर्याय नाही, मार्च 2025 मध्ये शहरातल्या महाल भागात दंगल होऊन संचारबंदी लागली तेव्हाही नाही, आणि सरकारी पाठबळाच्या ॲपची खरी ताकद हीच आहे.

पण पाणी ओसरल्यावर काय झालं? तलावाच्या सांडव्यापुढच्या विवेकानंद स्मारकानं पाणी अडतं म्हणून रहिवासी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले, मनपाला आणि बाकी यंत्रणांना जाब विचारला गेला. आता ही असली चर्चा, फोटो, नकाशे, कोणत्या वर्षी कुणी परवानगी दिली वगैरे, तुम्ही अशा ॲपवर मोकळेपणानं कराल का जिथं ज्याला प्रश्न विचारायचा त्याचाच वरदहस्त आहे? मी नाही करणार. कुणी डिलीट करो न करो, लोक आधीच हात आखडता घेतात आणि भरवसा तिथंच जातो.

शिवाय सरकारची साथ म्हणजे टिकण्याची गॅरंटी नाही. कू हे ट्विटरसारखं देशी ॲप बघा ना, कंपनी खासगी, पण 2020 मध्ये आत्मनिर्भर ॲप चॅलेंज जिंकलं, 2021 मध्ये मंत्री-खाती तिकडं गेली, आणि जुलै 2024 मध्ये बंद.

मॅस्टोडॉन 2016 पासून आहे, जर्मनीच्या ऑयगन रोख्कोनं सुरू केलं. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, पण ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एकाच खुल्या नियमानं एकमेकांशी बोलतात. आपल्याकडं नोव्हेंबर 2019 मध्ये वकील संजय हेगडेंचं ट्विटर खातं सस्पेंड झालं तेव्हा खूप भारतीय एकदम तिकडं वळले. मला पटतं ते हे की सर्व्हरवाल्याशी नाही पटलं तर फॉलोअर्स घेऊन दुसरीकडं जाता येतं. जुन्या पोस्ट मात्र सोबत येत नाहीत, हे कुणी नीट सांगत नाही.

आणि खड्डे आहेतच. सर्व्हरच्या ॲडमिननं ठरवलं तर तुमचे खासगी मेसेज वाचू शकतो कारण ते एन्क्रिप्टेड नसतात, त्यामुळे आधार नंबर, घरचा पत्ता असलं काही तिथं टाकूच नका. पैसा किंवा वेळ संपला की सर्व्हर बंद पडतात. क्विअर.एएफ नावाच्या सर्व्हरचं डोमेन तर 2024 मध्ये तालिबान सरकारनं काढून घेतलं, कारण .एएफ अफगाणिस्तानचं. अफवा आवरायला पगारी टीम नसते, रात्री दोन वाजता ॲडमिन झोपलेला असू शकतो. आणि कायद्यातून सुटका इथंही नाही, आयटी कायद्याच्या कलम 69अ खाली भारतात कोणताही सर्व्हर ब्लॉक होऊ शकतो.

ब्लूस्काय हे असंच दुसरं नेटवर्क वापरायला सोपं आहे, पण बहुतेक लोक अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, म्हणून ग्रुपसाठी मी ते दुसऱ्या नंबरवर ठेवीन.

जर्मनीच्या सरकारनं आणि नेदरलँड्सनं मॅस्टोडॉनवरच स्वतःचा सर्व्हर टाकलाय, सरकारी डोमेनवर, त्यामुळे खातं खरं की खोटं हे पत्त्यावरूनच कळतं आणि लोक मात्र आपापल्या सर्व्हरवरून बोलतात. आपल्या मनपानं, कलेक्टर ऑफिसनं .गव्ह.इन वर हे केलं तर मला मनापासून आनंद होईल. तोवर माझं मत विचाराल तर अलर्ट सरकारी खात्यांवरून घ्या, चर्चा आणि कागदपत्रं मॅस्टोडॉनवर ठेवा, आणि सर्व्हर निवडताना तो कोण चालवतो, खर्च कुठून येतो, बंद करायच्या किती महिने आधी सांगणार, हे तीन प्रश्न ॲडमिनला सरळ विचारा. उत्तर नाही आलं तर दुसरा सर्व्हर बघा, तिथं कमी नाहीत.