नव्वद टक्के अचूकतेआड दडवलेला तोटा

'तुमचं ट्रेडिंग सुधारून देतो' म्हणणाऱ्या एका मार्गदर्शकाने मला फसवलं. ही पद्धत वापरणारा तो एकटाच असेल असं वाटत नाही, म्हणून ती नीट उलगडून सांगते.

पैसे दुप्पट करण्याची भाषा त्याने कधीच केली नाही. शिस्त, ट्रेडिंग जर्नल, मनावर ताबा हेच त्याचे शब्द. रोज संध्याकाळी ग्रुपवर एक शीट यायची: कुठे घेतलं, कुठे विकलं, नफा किती. दहातले नऊ ट्रेड हिरवे. आणि ते आकडे खोटे नव्हते! थोडा नफा दिसला की लगेच बुक करायचा. तोट्यातली पोझिशन, म्हणजे चालू सौदा, मात्र बंदच करायची नाही. भाव पडेल तशी आणखी खरेदी करून ॲव्हरेज करत राहायचं, म्हणजे खरेदीची सरासरी किंमत खाली आणत राहायचं. बंदच न झालेला ट्रेड शीटवर येणार कसा? समजा, नऊ ट्रेडमध्ये मूळ भांडवलाच्या 1-1 टक्का मिळाला आणि दहाव्यात 15 टक्के गेले. अचूकता 90 टक्के, खातं 6 टक्क्यांनी खाली.

त्याच्या स्क्रीनशॉटमध्येही हेच होतं. आमच्या प्लॅटफॉर्मवर बॅलन्स आणि इक्विटी असे दोन आकडे दिसतात. बॅलन्समध्ये फक्त बंद झालेले ट्रेड धरलेले असतात. चालू पोझिशनचा नफातोटा इक्विटीत दिसतो. त्याच्या प्रत्येक फोटोत बॅलन्स ठळक, आणि इक्विटीची पट्टी कापलेली. मी विचारलं, "सर, पूर्ण स्क्रीन पाठवता का?" उत्तर आलं, "तुम्ही अजून भीतीतून बाहेर आला नाहीत. आधी सायकॉलॉजीवर काम करा." लगेच ग्रुपमधून मला काढून टाकलं. पैशांपेक्षा याचीच चीड जास्त येते. खात्याबद्दलचा साधा, रास्त प्रश्न, आणि त्याने तो माझ्या मनाचा दोष ठरवला.

पुढे बाजार एकाच दिशेने सरकत राहिला, मार्जिन (पोझिशन चालू ठेवायला खात्यात लागणारी रक्कम) संपलं आणि ब्रोकरने आमच्या पोझिशन आपोआप कापल्या. निम्मं भांडवल गेलं की उरलेल्यावर 100 टक्के कमावल्याशिवाय माणूस मूळ जागी येत नाही. ग्रुपमधल्या काहींचं तर निम्म्याहून जास्त गेलं.

आम्ही काहीजण एकमेकांशी बोललो तेव्हा दुसरी बाजू कळली. सगळ्यांची खाती त्याच्याच लिंकवरून उघडलेली होती आणि आमच्या प्रत्येक ट्रेडमागे त्याला ब्रोकरकडून कमिशन मिळत होतं. आम्ही कमावू नाहीतर गमावू, त्याची मिळकत चालूच. 'जास्त ट्रेड म्हणजे जास्त सराव' हा आग्रह कुठून येत होता ते तेव्हा लक्षात आलं. खरं तर ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या वित्त विषयाच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या हजारो कुटुंबांच्या 1991 ते 1996 मधल्या व्यवहारांवर केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के परतावा मिळाला. बाजाराने त्याच काळात 17.9 टक्के दिला होता. आणि हा माणूस सुधारणेच्या नावाखाली आमची उलाढालच वाढवत होता.

कुणी शिकवायला तयार असेल तर शीट आणि फोटो बाजूला ठेवा. खातं डेमो आहे की खऱ्या पैशाचं, ते विचारा. पाहण्यापुरता पासवर्ड मागा. त्याने ट्रेड करता येत नाहीत, फक्त दिसतात, त्यामुळे देणाऱ्याचं काही बिघडत नाही. मग इक्विटी सर्वांत जास्त किती घसरली होती ते पाहा. ब्रोकरकडून त्याला काय मिळतं हेही स्पष्ट विचारा, आणि ते लेखी घ्या.

आणखी एक. तक्रार केल्यावर मला एका अनोळखी माणसाचा फोन आला: "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडी प्रोसेसिंग फी भरा." माझी रक्कम, प्लॅटफॉर्म, सगळं त्याला ठाऊक होतं. असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. एक पैसाही भरू नका; तो नंबर तुमच्या तक्रारीत जोडा.