कडक लो-कार्ब की मोजून भाकरी? प्रीडायबेटिसवाल्यांनी ठरवायच्या आधी हे वाचा

मागच्या वर्षी माझी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्तचाचणी) ६.१ आली, म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आणि घरात लगेच दोन पार्ट्या पडल्या. धाकटा भाऊ म्हणे ताई सगळे कार्ब बंद कर, भात पोळी काही नको. आई म्हणे भाकरी सोडून कुठं जगतं का माणूस, एकच खा पण खा. मी दोन्ही करून बघितलं, आधी चार महिने कडक आणि नंतर मोजून, त्यामुळे ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून लिहितेय.

कडक म्हणजे दिवसभरात ५० ग्रॅमच्या आत कार्ब. मोजून म्हणजे साधारण १०० ते १३० ग्रॅम. अंदाज यावा म्हणून सांगते, मध्यम ज्वारीची भाकरी ३५-४० ग्रॅम, एक पोळी १५-२० ग्रॅम, वाटीभर साधं वरण १५ च्या आसपास, आणि साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ च्या वर कार्ब, म्हणजे उपवासाची खिचडी दोन्हीकडे बादच. कडकवाल्यांना नुसता भात पोळी सोडून भागत नाही, वरण आणि मटकीची उसळसुद्धा मोजायला लागते. अंडी मासे चिकन खाणाऱ्या घरात ते जमून जातं, आमच्यासारख्या शाकाहारी घरात मग रोज पनीर, पालेभाजी, ताक आणि मूठभर दाणे, आणि तिसऱ्या महिन्यात पनीर बघवत नाही.

आता रोजचे आकडे. कडकवर असताना जेवणानंतर दोन तासांनी माझी शुगर १०० ते ११५, हलायचीच नाही. मोजूनवर आले तेव्हा एक भाकरी, भाजी, वरण, कोशिंबीर असं जेवून १२५ ते १४०. इथंच थांबलात तर कडक जिंकलं, वजनही त्यातच भराभर उतरलं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कडक सुरू करून साडेतीन महिने झाले आणि होळी आली. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, म्हटलं एकच दिवस तर आहे, आणि एका तासाने मीटरवर १९६, दोन तासांनी १७१! डाएट सुरू करायच्या आधी दोन पुरणपोळ्यांवरच भावाच्या मीटरने मोजली होती तेव्हा दोन तासांनी १४८ होती. एवढं मन मारून शुगर उलटी वाढली, म्हणजे आता पूर्ण डायबेटिसच झाला असं वाटून मी त्या रात्री खरंच रडले.

डॉक्टरांनी नीट समजावलं तेव्हा कळलं. आठवडेच्या आठवडे कार्ब मिळाले नाहीत की शरीर चरबीवर चालायला लागतं, स्नायू चरबी जाळतात आणि ग्लुकोज मेंदूसाठी राखून ठेवतात, म्हणजे ग्लुकोज आत घ्यायला ते जरा नकारच देतात. दुसरीकडे जेवल्याबरोबर पहिल्या दहाएक मिनिटांत स्वादुपिंड इन्सुलिनचा जो पहिला झटका सोडतं तोही मंदावतो, कारण बरेच दिवस त्याला ते कामच पडलेलं नसतं. अशात अचानक पुरणपोळी आली की शुगर जास्त वर जाते आणि उतरतेही उशिरा. हे काही नवीन नाही, लंडनमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ ह्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की निरोगी माणसालाही कमी कार्बवर ठेवलं तर त्याची ग्लुकोज पचवायची ताकद तेवढ्यापुरती घटते. चरबी आणि ग्लुकोजची स्नायूंमधली ही चढाओढ कशी चालते ते फिलिप रँडल ह्यांनी १९६३ मध्ये मांडलं.

म्हणूनच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून जी टेस्ट करतात, ओजीटीटी, तिच्या आधी निदान तीन दिवस रोज १५० ग्रॅम तरी कार्ब खाऊन यावं असा नियम आहे. लॅबमध्ये हे कुणी विचारतच नाही हो! कडक लो-कार्बवरून थेट उठून ही टेस्ट दिलीत तर नसलेला डायबेटिस कागदावर येऊ शकतो, आणि मग त्यावर गोळ्या सुरू होतात. कडक निवडणार असाल तर ही गोष्ट तुम्हालाच लक्षात ठेवून सांगावी लागणार.

मी चार दिवस भाकरी, वरण, थोडा भात असं नीट खाल्लं आणि पाचव्या दिवशी परत दोन पुरणपोळ्या खाऊन मोजली, दोन तासांनी १४६. पण म्हणून कडकवर असताना आलेला प्रत्येक मोठा आकडा असाच असतो असं समजू नका. तीन चार दिवस कार्ब खाऊनही शुगर खाली येत नसेल तर तो खरा डायबेटिस असू शकतो, तेव्हा डॉक्टरकडे जायचंच.

सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्यातही फरक पडतो. कडकवर माझी बऱ्याचदा १०४, १०६ यायची, मोजूनवर ९५ ते १००. त्यातही कारण तेच, स्नायू ग्लुकोज घेत नाहीत आणि पहाटे लिव्हर ते सोडत राहतं. त्यामुळे कडकवाल्यांनी एका सकाळच्या आकड्यावर जीव टांगू नये, तीन महिन्यांची एचबीएवनसी बघावी. फक्त बायकांनी एक लक्षात ठेवा, लोह कमी होऊन ॲनिमिया असेल तर एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते, हिमोग्लोबिन सोबत तपासा.

आता माझं मत. कडक त्यांनी करावं ज्यांचं वजन बरंच जास्त आहे, घरातलं ताट वेगळं ठेवणं जमतं आणि सणावारालाही जे खरंच हात आवरू शकतात. सोमवार ते शनिवार कडक आणि रविवारी मिसळपाव, जिलबी, बिर्याणी हा जो तिसरा प्रकार बरेच जण करतात ना, तो मला सगळ्यात वाईट वाटतो, कारण शरीर कार्ब घ्यायला तयार नसतं नेमकं तेव्हाच तुम्ही त्याच्यावर सगळ्यात मोठा ढीग टाकता, दर आठवड्याला. ज्यांच्या घरी लग्नकार्य, नैवेद्य, पाहुणे चालूच असतात त्यांना मोजून भाकरी बरी. अधूनमधून एक पुरणपोळी झाली तरी शुगर तेवढी उसळत नाही. त्यात आधी कोशिंबीर भाजी डाळ आणि भाकरी शेवटी खाल्ली, जेवून पंधरा मिनिटं चाललं, तर अजून फरक पडतो, माझा १० ते १५ नी पडतो.

आणि गोळ्या चालू असतील तर हे सगळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असताना कार्ब तोडले तर शुगर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांवर असताना कडक लो-कार्ब केलं तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि तेव्हा मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतही नाही, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१५ मध्येच ह्या औषधांबद्दल इशारा दिला होता. उलट्या, पोटदुखी, धाप असं काही झालं तर आकडा बरा आहे म्हणून घरी थांबू नका. माझी आई ग्लिमेपिराइडवर आहे, भाऊ तिच्याही मागे लागला होता कडक कर म्हणून, त्याला मी आणि डॉक्टरांनी मिळून थांबवलं, ती दोन्ही वेळा एकेक भाकरी खाते आणि मीटर मी तिच्या उशाशी ठेवलाय.