मायक्रोपिपेटचा स्वस्त देशी संच : दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

सर्व्हिसचं बिल हातात पडलं आणि ते वाचून हे लिहायला घेतलं. ०.५–१०, १०–१०० आणि १००–१००० मायक्रोलिटर (मिलिलिटरचा हजारावा भाग) असा तीन पिपेटचा संच (पिपेट म्हणजे ठरवलेलं द्रव ओढून सोडायचं हातातलं उपकरण), सोबत स्टँड आणि प्रत्येकाचं एकेक कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे माप तपासल्याचा दाखला. बीएस्सी बायोटेकच्या लॅबमध्ये असलेच संच का घेतले जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे, स्पेसिफिकेशनही ठाऊक आहेत. थेट नॉबवर येतो.

किती द्रव घ्यायचं ते (व्हॉल्यूम) ठरवायला फिरवायचा नॉब आणि दाबायचा नॉब एकच, आणि त्याला लॉक नाही. अंगठा अगदी वरून, सरळ पडला तर काही होत नाही. पण तासाभराच्या कामात अंगठा तिरका पडायला लागतो आणि दर दाबाला नॉब केसभर फिरतो. ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट ५० मायक्रोलिटरने भरायला घ्या, शेवटच्या ओळीला काउंटर (सेट केलेला आकडा दाखवणारी खिडकी) बघा : ४८ च्या आसपास. एलायझामध्ये (अशा प्लेटवर रंगावरून करायची चाचणी) ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, अशी हळूहळू उतरत गेली की सगळे प्लेट धुण्याला दोष देतात, पिपेटकडे कुणी बघत नाही. लॉकवालं मॉडेल हीच कंपनी विकते, फक्त ते संचात देत नाही. एका प्लास्टिकच्या रिंगसाठी ही कंजुषी! उपाय एकच : दर ओळीनंतर काउंटरवर नजर टाकायची. टेप लावून भागत नाही, कारण दाबायलाही तोच नॉब लागतो.

सेटिंगबद्दल एक गोष्ट मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात आहे. कमी आकड्यावरून जास्त आकड्यावर जाताना हव्या त्या आकड्याच्या साधारण पाव-तृतीयांश वळण पुढे जायचं आणि मग खाली येत थांबायचं. आट्यांमध्ये जी ढिलाई असते ती त्याने निघते. स्वस्त पिपेटमध्ये ढिलाई जास्त, म्हणून इथे ही सवय जास्त लागते. १०० च्या पुढे किंवा १० च्या मागे नॉब पिळला तर काउंटर आणि पिस्टन यांचं नातंच तुटतं. एकदा तसं झालं की आकडा दिसतो तो फक्त शोभेचा.

आता अचूकपणा. सुरुवातीला या संचाला मी दोन स्टार दिले होते, ते का आणि आता का बदलले ते सांगतो.

तपासणी सोपी आहे, पण कॉलेजच्या तराजूची मर्यादा आधी समजून घ्या. चार दशांश स्थळांचा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमचा तराजू १००० च्या पिपेटला पुरतो. १०० च्या पिपेटला पाच दशांश स्थळांचा लागतो, तो बहुतेक ठिकाणी नसतोच. त्यावर जुगाड असा : अरुंद तोंडाच्या छोट्या बाटलीत आधी थोडं पाणी घालून ठेवा (बाष्पीभवनाने आकडा सरकू नये म्हणून), तराजू शून्य करा, १०० मायक्रोलिटर दहा वेळा सोडा आणि एकूण वजन घ्या. एकेका वेळचा फरक यातून कळत नाही, सरासरी कळते. डिस्टिल्ड पाणी, पिपेट आणि टिप (पिपेटच्या टोकाला बसवायची प्लास्टिकची नळी) हे तिन्ही तासभर आधी त्याच खोलीत ठेवलेले हवेत. टिप आधी दोन-तीन वेळा भरून-सोडून ओली करून घ्यायची.

यात हमखास चूक होते ती अशी : एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम धरलं जातं. पाण्याची घनता आणि हवेचा उठाव धरून २५ अंशाला गुणक (वजनाला ज्याने गुणलं की व्हॉल्यूम मिळतो तो आकडा) १.००४० येतो, ३० अंशाला १.००५४. म्हणजे एप्रिलमध्ये नागपूरच्या एसी नसलेल्या लॅबमध्ये ३० अंशाला अगदी बरोबर १००० मायक्रोलिटरचं वजन ९९४.६ मिलिग्रॅमच भरायला हवं. ते बघून 'पिपेट कमी टाकतंय' म्हणत कॅलिब्रेशनचा स्क्रू फिरवणारे महाभाग आहेत.

या संचातल्या १०० च्या पिपेटचं २५ अंशाला दहा वेळांचं वजन ०.९८१ ग्रॅम आलं. गुणक लावून ९८५ मायक्रोलिटर, म्हणजे एका वेळी सरासरी ९८.५. दीड टक्का कमी. आयएसओ ८६५५ मध्ये (पिपेटच्या अचूकपणाचं आंतरराष्ट्रीय मानक) १०० मायक्रोलिटरच्या पिपेटला ०.८ मायक्रोलिटरची चूक चालते, इथे जवळजवळ दुप्पट. दीड टक्क्याने काय होतं असं वाटत असेल तर सीरियल डायल्युशन (टप्प्याटप्प्याने पातळ करणं) करून बघा. ९०० मध्ये १००, असं सहा पायऱ्या उतरल्यावर शेवटच्या नळीत जे असायला हवं त्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी राहतं.

अपडेट : दोष पिपेटचा नव्हता, टिपचा होता. सोबत आलेल्या 'युनिव्हर्सल' पिवळ्या टिप शाफ्टवर (पिपेटच्या खालच्या दांड्यावर) बसतात, पण सील धरत नाहीत. ओळखायची रीत : १०० पूर्ण भरा, पिपेट उभं धरून वीस सेकंद थांबा. टोकाला थेंब लोंबला की हवा शिरते आहे. बदललेल्या, नीट घट्ट बसणाऱ्या टिपने तेच वजन ०.९९३ आलं, म्हणजे ९९.७. हे मर्यादेत आहे. टिपच्या पाकिटामागे वाचवलेले पैसे असे वसूल होतात. टिप ठोकून बसवू नका, त्याने शाफ्ट घासला जातो. हलकं दाबून किंचित वळवायचं.

१० च्या पिपेटबद्दल कौतुक करायला हवं. रिस्ट्रिक्शन डायजेशनमध्ये (एन्झाइमने डीएनए ठरावीक जागी कापणं) २० मायक्रोलिटरच्या रिअॅक्शनला १ मायक्रोलिटर एन्झाइम ते व्यवस्थित घालतं. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये असतं, त्यामुळे टिप खोल बुडवली तर बाहेरून चिकटलेलंही सोबत जातं. टोक मिलिमीटरभरच बुडवा, हळू ओढा. एन्झाइमचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नेऊ नका, ग्लिसरॉल ५ टक्क्यांपुढे गेलं की काही एन्झाइम भलत्याच जागी कापतात. ग्लिसरॉल किंवा बीएसए (एक प्रथिन) मोजायला रिव्हर्स पिपेटिंग : नॉब दाबताना दोन ठिकाणी अडतो, ते स्टॉप; दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून ओढायचं, पहिल्या स्टॉपपर्यंत सोडायचं, उरलेलं टाकून द्यायचं.

सर्व्हिस. १००० च्या पिपेटचा प्लंजर (नॉबखालचा दांडा) चिकटायला लागला म्हणून पाठवलं. कारण उघड होतं, कुणीतरी भरलेल्या टिपसकट ते टेबलावर आडवं ठेवलं आणि बफर शाफ्टमध्ये गेला. परत आलं ते 'पास' असा शिक्का मारलेलं सर्टिफिकेट घेऊन, आणि त्यावर दुरुस्तीच्या आधीची वाचनं नाहीत. फक्त नंतरची. आधी किती चुकत होतं हे न कळता त्या पिपेटने झालेल्या मागच्या कामाचं काय करायचं? फोनवर उत्तर मिळालं, 'ते वेगळं चार्जेबल आहे.' बिलातली मुख्य रक्कम होती सील बदलण्याची. हे काम घरी होतं : शाफ्ट उघडा, पिस्टन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर, आणि ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) बदला. ग्रीस जास्त झालं की प्लंजर परत जड होतो. नंतर वजनाने तपासा आणि लॉगबुकमध्ये तारीख, तापमान, वाचनं लिहा.

'पूर्ण ऑटोक्लेव्हेबल' (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करता येणारा) हा दावा अर्धा खरा. १२१ अंशाला २० मिनिटं सोसतं, पण काउंटरच्या खिडकीत वाफ अडकते आणि जोड सैल होतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, जोड घट्ट करा, पुन्हा वजन घ्या.

हे सगळं कशाला, तर गॅट-बी आणि जॅमच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) बायोटेक पेपरची तयारी करणारे यातलं काहीच करत नाहीत, कारण संगणकावरच्या परीक्षेत हात तपासला जात नाही. क्यूसीच्या (कंपनीतल्या गुणवत्ता तपासणीच्या नोकरीच्या) मुलाखतीत मात्र प्रश्न असेच येतात : १००० च्या पिपेटने ५० मायक्रोलिटर घ्याल का? क्लोरोफॉर्म टिपमधून का गळतो? कॅलिब्रेशन फेल झालं तर आधी काय कराल? तिसऱ्याचं उत्तर 'दुरुस्तीला पाठवीन' असं देणाऱ्याला पुढे फार विचारत नाहीत. आधी ते पिपेट वापरातून बाजूला काढून त्यावर लेबल लावायचं, आणि मागच्या पास तपासणीपासूनचं काम चाळायचं.

स्टार आता साडेतीन. अर्धा नॉबसाठी कापलाय, एक सर्व्हिससाठी. घेणार असाल तर ऑर्डरमध्येच जादा ओ-रिंग आणि सील मागून घ्या, नंतर सुटे देत नाहीत. १०० चं पिपेट मात्र संचातलं न घेता लॉकवालं वेगळं घ्या.