इंग्रजी उच्चार: देवनागरीत वाचावा की कानाने ऐकावा?

रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकायला निघालेल्या माणसापुढे तीन पर्याय असतात: देवनागरीत उच्चार छापलेलं इंग्रजी-मराठी पुस्तक, उच्चार ऐकवणारा ऑनलाइन शब्दकोश आणि यूट्यूबवरचे धडे. माझं मत आधीच सांगते. अर्थ पुस्तकातून घ्या, उच्चार शब्दकोशातून. दोन्ही एकाच ठिकाणाहून घेण्याचा हट्ट नको.

देवनागरी उच्चाराला नाकं मुरडणारे बरेच भेटतात. पण ज्याला मराठी वाचता येतं त्याला तो पहिल्याच दिवशी वाचता येतो, आणि ही सोय लहान नाही. ‘रिसीट’मधला पी, ‘डाउट’मधला बी उच्चारायचा नसतो हे एका नजरेत कळतं. मराठीत ॲ आणि ऑ आहेत, त्यामुळे ‘बॅट’ आणि ‘बेट’ वेगळे दिसतात. व्हॅनला ‘व्ह’ आणि विंडोला ‘व’ लिहायची पद्धतही कामाची आहे.

अडतं ते पुढे. लेखणी आणि वेदना, दोन्हींचं इंग्रजी आपण ‘पेन’ लिहितो. कर्ज आणि तारीख, दोन्हींचं ‘डेट’. कानाला ते स्वर वेगळे लागतात, कागदावर एकच. त्याहून मोठी अडचण जोराची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो ‘टो’वर सरकतो आणि आधीचा ‘फो’ ढिला पडून जवळपास ‘फ’ होतो. देवनागरीत सगळी अक्षरं सारख्याच वजनाने उभी असतात, म्हणून आपण ती तशीच ठोकत बोलतो.

इथे केंब्रिजच्या फुकट ऑनलाइन शब्दकोशासारखी साधनं उपयोगी पडतात. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही उच्चार ऐकता येतात. ‘शेड्यूल’ आणि ‘स्केजूल’ दोन्ही बरोबरच. एक धरा आणि पुढे चला. उच्चाराची सगळी चिन्हं पाठ करत बसू नका. दोन पुरेत: जोराच्या आधी वर येणारी बारीक उभी रेघ, आणि उलटा छापलेला इंग्रजी ई (ə), म्हणजे ‘अबाउट’मधला तो ढिला ‘अ’.

मात्र अशा कोशात अर्थही बहुधा इंग्रजीतच दिलेला असतो. लाँगमनच्या विद्यार्थी-कोशात तो सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवलेला असतो, पण ते २००० तरी यायला हवेत ना! नवशिक्याला मराठी अर्थच हवा.

पुस्तक घेण्याआधी दुकानातच तीन शब्द उघडून बघा. ‘चेंज’पुढे ‘सुटे पैसे’, ‘लीव्ह’पुढे ‘रजा’, ‘फाइन’पुढे ‘दंड’ आहे का? नुसतं ‘बदल’, ‘सोडणे’, ‘छान’ असेल तर ते परत फळीवर ठेवा.

यूट्यूबचे धडे उत्साह टिकवायला ठीक. तिथे शिकवणाऱ्याचा स्वतःचा उच्चारच आपल्या तोंडी बसतो, आणि तो तपासायला पुन्हा शब्दकोशच उघडावा लागतो.

मुलांच्या वह्या, बिलं, बँकेचे फॉर्म वाचता यावेत एवढंच हवं असेल तर पुस्तकावर भागतं. मुलाखत द्यायची असेल तर ऐकून, मोठ्याने म्हणून सराव करण्याला पर्याय नाही. दुकानाच्या काउंटरवर काम करणाऱ्याची गोष्ट निराळी: त्याच्या कानावर शब्द पडतो, स्पेलिंग माहीत नसतं, मग कोशात शोधणार काय? त्याने फोनच्या कीबोर्डची भाषा इंग्रजी ठेवून माइक दाबावा आणि शब्द ऐकला तसा म्हणावा. स्पेलिंग बऱ्याचदा तिथेच मिळतं.